डाऊन सिंड्रोमचं लेकरू: तब्येत कशी सांभाळायची अन् हात कधी सोडायचा

हे त्या घरांसाठी लिहायलेय जिथं रिपोर्टवर ‘ट्रायसोमी २१’ म्हणजेच डाऊन सिंड्रोम छापून आलंय अन् सगळी माणसं एकमेकांच्या तोंडाकडं बघत बसलीत, अन् त्यांच्यासाठीही ज्यांचं लेकरू आता आठ-दहा वर्षांचं झालंय पण अजून आईच्या हातानंच जेवतंय. मी विशेष शिक्षिका आहे, परभणी-हिंगोलीकडची लेकरं माझ्याकडं येतात. डॉक्टर नाही, म्हणून औषधाचा डोस मला विचारू नका, पण डॉक्टरला काय विचारायचं ते सांगू शकते.

आधी एक विषय संपवून टाकू. आपल्या पेशीत ४६ गुणसूत्रं असतात, या लेकरात २१ नंबरचं एक जास्तीचं, म्हणजे ४७. ग्रहणात भाजी चिरली, पपई खाल्ली, पायरीवरून घसरली, यातल्या कशानंच हे होत नाही, तेव्हा सुनेला बोलणं बंद करा. आईचं वय पस्तिशीच्या पुढं असलं की शक्यता वाढते हे खरंय, पण मुळात जास्त बाळंतपणं तरुण बायांचीच होतात त्यामुळं विशी-पंचविशीतल्या आयाही भरपूर असतात. रिपोर्ट मात्र जपून ठेवा. शंभरातल्या तीन-चार लेकरांत ट्रान्सलोकेशन नावाचा प्रकार निघतो, म्हणजे जास्तीचं गुणसूत्र दुसऱ्या गुणसूत्राला चिकटलेलं असतं, तो कधी आईकडून नाहीतर बापाकडून आलेला असतो, तसं लिहिलेलं असलं तर दुसऱ्या बाळाचा विचार करायच्या आधी दोघांनी आपलं कॅरिओटाइप, म्हणजे गुणसूत्रांची तपासणी, करून घ्यायचं.

अन् जास्तीचं गुणसूत्र काढणारं औषध जगात कुठंच नाही. ना टॉनिक, ना काढा, ना स्टेम सेलचं इंजेक्शन. कुणी तालुक्याच्या लॉजवर कॅम्प लावून ‘सहा महिन्यांत फरक’ म्हणत असंल तर ते पैसे इकोला (हृदयाची सोनोग्राफी) अन् फिजिओला (व्यायामाचे उपचार) ठेवा.

आता मुद्द्याचं. आपल्याकडं दोन वाक्यं सारखी कानावर येतात. एक, ‘या लेकरांचं असंच असतं’. दुसरं, ‘राहू दे, त्याला नाही जमायचं, मी करते’. पहिल्यानं तब्येतीची वाट लागते अन् दुसऱ्यानं लेकराचे हातपाय असून नसल्यासारखे होतात. खाली जे काही लिहिलंय ते या दोन वाक्यांच्या विरोधातच आहे असं समजा.

तब्येत: काय तपासायचं, कधी तपासायचं

पहिली गोष्ट हृदय. डाऊनच्या जवळपास निम्म्या लेकरांना जन्मतः हृदयाचा काहीतरी दोष असतो, बहुतेक वेळा छिद्र. स्टेथोस्कोपनं आवाज आला नाही म्हणजे हृदय चांगलं असं धरायचं नाही, पहिल्या काही आठवड्यांतच टू-डी इको करून घ्यायचा, बाळ गुटगुटीत दिसलं तरी. दूध पिताना कपाळाला घाम येणं, दोन घोट घेऊन थकणं, छातीत धाप, वजन न वाढणं, ओठ निळसर होणं, यातलं काही दिसलं तर वाट बघत बसायचंच नाही. मोठं छिद्र असलं तर ऑपरेशन बऱ्याचदा पहिल्या सहा महिन्यांतच करतात, कारण उशीर झाला की फुप्फुसातल्या रक्ताच्या नळ्यांत दाब चढतो अन् मग पुढं ऑपरेशन करण्यासारखंच राहत नाही. म्हणून ‘थोडं वजन वाढू द्या मग बघू’ हे शेजारणीनं नाही, लेकरांच्या हृदयाच्या डॉक्टरनं म्हटलं तरच ऐकायचं.

पैशाचं म्हणाल तर २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे, त्याची डॉक्टरांची टीम अंगणवाडीत वर्षातून दोनदा अन् शाळेत एकदा येते, तपासायच्या यादीत डाऊन सिंड्रोमचं नाव आहे अन् जन्मजात हृदयरोगाचंही. टीम यायची वाट बघू नका, आशाताईला किंवा अंगणवाडीताईला सांगून जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसीला जा, म्हणजे लेकरांच्या लवकर उपचाराचं केंद्र. पुढं ऑपरेशन लागलं तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसवता येतं. रेशन कार्ड अन् आधारवरची नावं जुळतात का ते आधीच बघून ठेवा, ऐन वेळी नावातल्या एका काना-मात्रेवरून फाईल अडलेली मी बघितलीय.

थायरॉईड. हे लई महत्त्वाचं अन् लई दुर्लक्षित. टीएसएच ही रक्ताची तपासणी जन्मल्यावर, मग सहा महिन्यांना, मग वर्षाला अन् त्यानंतर दर वर्षी, आयुष्यभर. अडचण अशी आहे की थायरॉईड कमी असल्याची लक्षणं म्हणजे सुस्ती, कोरडी कातडी, बद्धकोष्ठ, वजन वाढणं, शिकण्यात मागं पडणं, अन् हे सगळं बघून लोक म्हणतात डाऊन आहे ना मग असंच असणार. नाही. रक्ताची एक साधी तपासणी अन् रोजची एक गोळी, लेकरू चक्क जागं झाल्यासारखं वाटतं. गोळी सकाळी उपाशीपोटी द्यायची, दुधात घालायची नाही, अन् लोह-कॅल्शियमची औषधं तिच्यासोबत नाही, चार तासांनी. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून आपल्या मनानं गोळी बंद करू नका, तो गोळीमुळंच नॉर्मल आलाय. टीएसएचसोबत वर्षातून एकदा रक्ताचं प्रमाणही बघून घ्या. अन् लेकरू अचानक पांढरंफटक पडलं, विनाकारण काळेनिळे डाग उठायले, ताप हटतच नाही, तर सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची तपासणी, त्याच दिवशी, कारण रक्ताचा कॅन्सर या लेकरांत इतरांपेक्षा जास्त दिसतो. घाबरवायला सांगत नाही, बहुतेकांना होत नाही, पण उशीर नको.

कान. या लेकरांच्या कानाची नळी बारीक असते, पडद्यामागं चिकट पाणी साचतं, दुखत नाही त्यामुळं कळत नाही, अन् ऐकू कमी येतं. मग घरचे म्हणतात हट्टी आहे, हाक मारली तरी बघत नाही. बोलणं उशिरा येण्यामागं अर्धं कारण कधीकधी हेच असतं. जन्मल्यावर बेरा किंवा ओएई, म्हणजे ऐकू येतं का ते बघायची तपासणी, मग लहानपणी दर सहा महिन्यांनी कानाची तपासणी, पुढं वर्षाला एकदा. कानात तेल घालणं बंद, गरम असो का थंड.

डोळे सहा महिन्यांच्या आत डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवा. जन्मतः मोतीबिंदू असू शकतो, तिरळेपणा असतो, नंबर तर कितीतरी जणांना लागतो. नाक चपटं असल्यानं चष्मा घसरतो, मागून इलॅस्टिकचा पट्टा लावा. ‘चष्मा ठेवतच नाही’ म्हणून कपाटात ठेवू नका, सुरुवातीला मोबाईलवरचं आवडतं गाणं फक्त चष्मा घातल्यावरच, असं केलं की बसतो.

घोरणं. लेकरू घोरतंय म्हणजे गाढ झोपलंय असं नाही. श्वास मधेच थांबणं, झोपेत घाम, बसून पुढं वाकून झोपणं, दिवसा चिडचिड, ही झोपेत श्वास अडकल्याची लक्षणं, टॉन्सिल-ॲडेनॉइड वाढलेले असू शकतात. काहीच लक्षण नसलं तरी चार वर्षांपर्यंत एकदा झोपेची तपासणी करावी असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. आपल्याकडं ती सगळीकडं होत नाही, निदान रात्री झोपेतला दोन मिनिटांचा व्हिडिओ काढून कान-नाक-घशाच्या डॉक्टरला दाखवा.

मान. वरच्या दोन मणक्यांचा सांधा काहींचा सैल असतो. लेकरू नीट असलं तर उगं एक्स-रे काढत फिरायची गरज नाही, पण कोलांटउड्या, शीर्षासन, डोक्यावर भार येईल असं काही नको, जत्रेतल्या ट्रॅम्पोलिनवर सहा वर्षांच्या आतल्या लेकराला सोडू नका. चांगलं चालणारं लेकरू लंगडायलं, मान वाकडी धरायलं, हातातून वस्तू पडायल्या, शी-शूवरचा ताबा गेला, तर हा इमर्जन्सीचा विषय आहे. अन् कोणत्याही ऑपरेशनच्या आधी भूल देणाऱ्या डॉक्टरला स्वतःहून सांगा, डाऊन आहे, मान जपा.

पोटाचं थोडक्यात. बद्धकोष्ठ नेहमीचा, पाणी, पेरू, पालेभाजी, अन् थायरॉईड बघणं. सारखे जुलाब, पोट फुगणं, वजन न वाढणं असं असलं तर सिलियाक म्हणजे गव्हातल्या ग्लुटेनचा त्रास तपासा, या लेकरांत तो जास्त असतो. आपण ज्वारीवाले, त्यामुळं निदान झालंच तर आपल्याला इतरांपेक्षा सोपं, ज्वारी-बाजरीत ग्लुटेन नसतं, फक्त पीठ गहू दळतात त्या गिरणीत दळून आणू नका, गव्हाचं पीठ मिसळतं. मात्र तपासणीच्या आधीच गहू बंद करायचा नाही, बंद केला की रक्ताची तपासणी खोटी नॉर्मल येते.

दात उशिरा येतात, काही येतच नाहीत, ते चालतं. पण हिरड्या लवकर खराब होतात, ब्रश रोज दोनदा. हृदयाचा दोष असंल तर दात काढायच्या आधी डॉक्टरला ते सांगायचंच.

वजन. लहानपणी वाढत नाही म्हणून रडायचं अन् सात-आठ वर्षांनंतर थांबत नाही म्हणून. या लेकरांच्या शरीराला ऊर्जा थोडी कमी लागते अन् आजीचा जीव मात्र त्याच्यात जास्त, चहा-खारी, बिस्किटाचा पुडा, पाहुणा आला की कॅडबरी. आजीला दोष देऊन उपयोग नाही, तिला काम द्या: रोज संध्याकाळी मारुतीच्या पारापर्यंत हात धरून चालत नेणं. लाड पण होतील अन् व्यायाम पण. उंची-वजन डाऊनच्या लेकरांच्या वेगळ्या तक्त्यावर बघायला डॉक्टरला सांगा, शेजारच्या लेकरासोबत मोजू नका. लसी मात्र सगळ्या, बाकीच्यांसारख्याच, वर फ्लूची लस दर वर्षी विचारून घ्या कारण छाती लवकर भरते.

हे सगळं एका प्लास्टिकच्या फाईलीत, पहिल्या पानावर हातानं लिहिलेला तक्ता: इको, टीएसएच, कान, डोळे, सीबीसी, तारीख, पुढची तारीख. डॉक्टर बदलले, गाव बदललं तरी फाईल बोलते.

हात सोडायचा कसा

या लेकरांचे स्नायू सैल असतात म्हणून सगळं उशिरा होतं, पण होतं. बरीचशी दोन वर्षांच्या आसपास चालतात, कुणी चारपर्यंत वेळ घेतं. फिजिओथेरपी पहिल्या दोन-तीन महिन्यांतच चालू करा, अन् आठवड्यातून एकदा जिल्ह्याला नेऊन भागत नाही, तिथं शिकायचं अन् घरी रोज करायचं. जागं असताना गोधडीवर पालथं घालणं, दिवसातून बऱ्याच वेळा, थोडं थोडं. चाकाचा वॉकर आणू नका, कुणी आणला तर भाचराला द्या म्हणणार होते पण त्यालाही नको. मालिश करा, पण मालिशवाली मावशी हातपाय ओढून ‘मोकळे’ करते ना, ते नाही, सांधे आधीच मोकळे आहेत. पाय फार फाकवून बसतंय तर मांड्या जवळ आणून बसवा.

बोलणं. या लेकरांना बोलता येतं त्यापेक्षा कितीतरी जास्त समजतं, म्हणून त्याच्यासमोर त्याच्याबद्दल काहीही बोलू नका. शब्दासोबत हाताची खूण करा, पाणी, अजून, बस, दे. खुणा केल्या तर बोलणार नाही ही भीती खोटी आहे, उलट खुणेमागून शब्द येतो. अन् सगळ्यात अवघड गोष्ट: विचारल्यावर थांबा. मनात दहापर्यंत मोजा. आपण तीनवरच उत्तर देऊन मोकळे होतो. कानापेक्षा डोळ्यानं ही लेकरं लवकर शिकतात, म्हणून घरातल्या माणसांचे, वस्तूंचे फोटो काढून खाली मोठ्या अक्षरात नाव लिहा, कितीतरी लेकरं वाचता वाचता बोलायला शिकतात. भाषा घरात जी आहे तीच ठेवा, बंजारा असो, दखनी उर्दू असो, मुखेड-देगलूरकडची तेलुगू असो. दोन भाषांनी ही लेकरं गोंधळत नाहीत, पण आई जर मोडक्या इंग्लिशमध्ये बोलायली तर लेकरू तिच्या गोष्टीला मुकतं.

स्वतःचं काम शिकवायची माझी आवडती पद्धत म्हणजे शेवटून शिकवणं. शर्ट घालायचाय, तर सगळा तुम्ही घाला अन् शेवटचं खाली ओढायचं तेवढं त्याला करू द्या. ‘झालं! कुणी घातला?’ ते जमलं की शेवटच्या दोन पायऱ्या त्याच्या, मग तीन. असं केलं की दर वेळी काम पूर्ण केल्याचं श्रेय त्यालाच मिळतं, पहिल्याच पायरीवर अडून रडारड होत नाही. हीच पद्धत चड्डीला, चपलेला, आंघोळीला, अंथरूण घडी करायला. नाडीची नाही, इलॅस्टिकची चड्डी. बुटाला वेल्क्रो. दोन्ही चपलांच्या आतल्या कडेला रंगाचा ठिपका, ठिपके एकमेकांना चिकटले की चपला बरोबर. बादली छोटी, पाण्याचा मग हलका, साबण दोरीला बांधलेला. संडासला रोज जेवणानंतर ठरलेल्या वेळी बसवणं, झालं नाही तरी रागवायचं नाही.

बोटांच्या ताकदीसाठी महागडी खेळणी लागत नाहीत, आपलं घर काय कमी आहे का. भिजवलेल्या पिठाचा गोळा द्या, भाकरी वाकडी होऊ द्या. शेंगा फोडणं, तुरीच्या ओल्या शेंगा सोलणं, लसूण निवडणं, चिमट्यानं कपडे वाळत घालणं, पोळीचे तुकडे करून कुत्र्याला घालणं. बारक्या लेकराच्या तोंडात शेंगदाणा जाणार नाही तेवढं बघा. स्ट्रॉनं ताक प्यायला लावा, ओठ मिटायची सवय होते, जीभ आत राहते.

मग घरातलं एक काम कायमचं त्याच्या नावावर. माठ भरणं म्हणा, ताटं मांडणं म्हणा, शेळीला पाला टाकणं म्हणा. त्यानं केलं नाही तर दुसऱ्यानं गुपचूप करायचं नाही, ताटं मांडली नाहीत तर सगळे थोडा वेळ तसेच बसा. पाहुण्यांसमोर लाज वाटते हे मला माहीत आहे. बसा तरी.

दुकानात पाठवताना आधी सोबत, मग दहा पावलं मागं, मग दारातून बघत. हातात चिठ्ठी, दुकानदाराला आधीच सांगून ठेवलेलं की चिठ्ठी घेऊ नका, त्याच्याकडून बोलून घ्या. नोटा रंगावरून ओळखायला शिकवा, खऱ्या नोटांनी. बापाचा मोबाईल नंबर गाण्याच्या चालीवर पाठ होतो, बघा करून.

शाळा

तीन वर्षांपासून अंगणवाडी. पुढं २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं ६ ते १८ वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, जवळच्या शाळेत किंवा तुम्हाला पाहिजे त्या विशेष शाळेत, निवड तुमची. ‘आमच्याकडं जमत नाही’ म्हणणाऱ्या हेडमास्तरला कायद्याचं नाव शांतपणे सांगा, भांडू नका, तिथंच लेकरू ठेवायचंय. माझं मत विचाराल तर पहिली काही वर्षं गावातल्या झेडपी शाळेतच, कारण गाव त्याला ओळखायला लागतं अन् तो गावाला. विशेष शाळा चांगलीच असते पण बरीच निवासी असतात, सहा-सात वर्षांचं लेकरू घरापासून तोडू नये वाटतं. समग्र शिक्षाचे विशेष शिक्षक तालुक्याच्या गटसाधन केंद्रावर असतात, त्यांना गाठा. गुरुजींना एवढंच सांगा: पुढच्या बाकावर, एका वेळी एकच सूचना, फळ्यावरचं सगळं उतरवून घ्यायचा आग्रह नको. सखोल मूल्यमापन करून शिकवायचा आराखडा हवा असंल तर सिकंदराबादला एनआयईपीआयडी ही बौद्धिक दिव्यांगांसाठीची केंद्र सरकारची संस्था आहे, आपल्याकडून थेट रेल्वेनं जाता येतं.

वयात येताना

यावर घरात कुणी बोलत नाही म्हणून मी बोलते. शरीर वयाप्रमाणंच वाढतं. मुलीला पाळी यायच्या आधीच पॅड कसं लावायचं ते चड्डीवर लावून दाखवा, फोटोंचा क्रम करून बाथरूमच्या दाराला चिकटवा. गर्भाशय काढून टाकायचा सल्ला काही जण देतात, पाळीची कटकट नको म्हणून, त्याला बळी पडू नका, बहुतेक मुली शिकतात. मुलगा असो का मुलगी, सगळ्यांना मिठी मारणं लहानपणी गोड वाटतं पण चौदाव्या वर्षी तेच धोक्याचं होतं, म्हणून पाचव्या वर्षापासूनच नियम: मिठी घरच्यांना, बाकीच्यांना नमस्कार. चड्डीच्या आतली जागा झाकायची, तिथं कुणी हात लावला तर ‘नाही’ ओरडायचं अन् आईला सांगायचं, हे रोजच्या आंघोळीत शिकवा. काही झालं तर लेकरांच्या हेल्पलाईनला, १०९८ वर फोन, पॉक्सो म्हणजे लेकरांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा या लेकरांनाही लागू आहे. अन् ‘लग्न लावून द्या, सुधरंल’ म्हणणाऱ्या मामाला चहा पाजून वाटेला लावा.

मोठेपणी एखादं हसरं पोरगं अचानक गप्प झालं, शिकलेलं विसरायलं, तर पुन्हा तेच, ‘असंच असतं’ नाही. थायरॉईड, कान, झोप, डोळे, मनावरचा ताण, या क्रमानं बघा. चाळिशीनंतर विसरणं वाढलं तर अल्झायमरचीही तपासणी करावी लागते, या माणसांत तो लवकर येतो. आता कितीतरी जण साठीपर्यंत जगतात, म्हणजे आपण नसू तेव्हाचाही विचार करावा लागतो.

कागदं

यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, सगळ्यात आधी, ऑनलाईन अर्ज भरून जिल्हा रुग्णालयात तपासणी. लहान वयात मिळणारं प्रमाणपत्र तात्पुरतं असतं, मुदत संपायच्या आत नूतनीकरण करा. त्यावरच एसटी-रेल्वेची सवलत, संजय गांधी निराधार योजना, अन् राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेची निरामय आरोग्य विमा योजना, जिच्यात वर्षाला १ लाखापर्यंतचा खर्च मिळतो, थेरपीचाही काही भाग, म्हणून फिजिओची पावती फेकू नका. नोकरीवाल्या बापाला जुन्या पद्धतीनं टॅक्स भरत असंल तर दिव्यांग लेकराच्या सांभाळाची ७५,००० ची वजावट मिळते, अपंगत्व तीव्र असंल तर १,२५,०००.

अन् अठरा पूर्ण झाले की कायद्यानं आईबाप आपोआप पालक राहत नाहीत, हे लई जणांना बँकेत गेल्यावर कळतं. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली कलेक्टरच्या अध्यक्षतेखाली स्थानिक समिती असते, कायदेशीर पालकत्वाचा अर्ज तिथं करायचा. करण्याआधी पोराला खरंच किती मदत लागते ते बघा, कारण एव्हाना तो दुकानातून सामान आणायलाय, सही करायलाय, तर सगळ्याच गोष्टींची सही आपल्याकडं घ्यायची काय गरज. शेताच्या सातबाऱ्यावर त्याचं नाव लावायचं असंल तर भावंडांना समोर बसवून, वकिलाला विचारून आत्ताच लावा, आपण हयात असताना.